खोडके मॅडम सिंथेसायझर शिकतात

जळगाव जामोदमध्ये निम्म्या गावाला गणित येत नाही, आणि उरलेल्या निम्म्याला ते खोडके मॅडमच्या भीतीनं येतं. मी पहिल्या निम्म्यातला. शाळेत पोरं त्यांना 'खोडरबर' म्हणत. आडनावामुळे तर होतंच. पण वहीतलं, चेहऱ्यावरचं, मनातलं जे काही असेल ते त्या एका नजरेत साफ पुसून टाकत, हे खरं कारण. मुलांची नावं त्यांच्या ध्यानात राहत नसत. हजेरीचे नंबर मात्र जन्मभर राहत. बाजारात त्या एखाद्या भाजीवाल्यासमोर उभ्या राहून म्हणत, "काय बे सतरा, वांगे किडके काऊन?" आणि सतरा नंबर, ज्याच्या मिशा आता पिकायला लागल्या होत्या, तो मुकाट्यानं वांगी पालथी करून चांगली निवडून देई.

मी एकवीस नंबर. गणितानं हाकललं म्हणून संगीताच्या दारात जाऊन बसलो. खताच्या दुकानाच्या वरच्या खोलीत माझा कीबोर्डचा क्लास आहे आणि लग्नसराईत ऑर्केस्ट्रात वाजवतो. अर्थात 'संगीत' हा शब्द मॅडमसमोर काढायची सोय नव्हती. त्यांना गाणं बिलकुल आवडत नसे. "एकच ओळ चारचारदा म्हणाची. पहिल्या वेळी समजली नाही काय?" एवढंच त्यांचं संगीतशास्त्र. लग्न त्यांनी केलं नव्हतं. कुणी कारण विचारलंच तर म्हणत, "उदाहरणच चुकीचं छापेल होतं."

अशा बाईंचा निवृत्तीनंतर एके दिवशी मला फोन आला. "एकवीस, तुले पेटी वाजवता येते ना? घरी ये. एक पेटी मुकी पडली आहे."

शिक्षक कॉलनीतल्या त्यांच्या घरी गेलो. टेबलावर जे होतं त्याला पेटी म्हणणं म्हणजे ट्रॅक्टरला बैलजोडी म्हणण्यासारखं. त्यांचा पुण्याचा भाचा परदेशी नोकरीला जाताना आपलं सामान मावशीकडे टाकून गेला होता, त्यातून हे निघालं होतं: सिंथेसायझर. हातभर लांबीचा, थोड्याशा पट्ट्या, आणि वर गोल फिरवायची बटणंच बटणं. माझ्या कीबोर्डवर एक बटण दाबलं की बासरी, दुसरं दाबलं की सनई, तिसऱ्याला ढोलकी. इथं बासरीचं बटण कुठं आहे ते मी आधी वरून शोधलं, मग खालून.

"नाही आहे," मॅडम म्हणाल्या. "मी पुस्तक वाचलं. याच्यात तयार काहीच नाही. आवाज आपला आपण बनवाचा."

मी माझा स्पीकर आणून जोडला. पट्ट्या दाबल्या. काही नाही. तासभर खटपट केली, तारा उलट्यासुलट्या केल्या, शेवटी तज्ज्ञाच्या गांभीर्यानं सांगितलं, "मॅडम, हे बिघडेल आहे."

"कशावरून?"

"आवाज नाही येऊन राह्यला."

"तुले गणित नव्हतं येत. मी तुले भंगारात देल्लं होतं काय?"

मग त्यांनी मला खुर्चीवरून उठवलं, स्वतः बसल्या आणि चष्मा लावला. "एका वेळी एकच चल बदलाचं, बाकी सगळे स्थिर. हे तुले आठवीत शिकवलं होतं." डावीकडचं पहिलं बटण त्यांनी पूर्ण फिरवून पाहिलं, पट्टी दाबली, परत जागेवर आणलं. मग दुसरं. मग तिसरं. मी चहा करून आणला, तो पिऊन झाला, कप धुऊन ठेवले. मधल्या ओळीतल्या एका मोठ्या बटणापाशी त्या आल्या, ते त्यांनी डावीकडून उजवीकडे नेलं, पट्टी दाबली, आणि घरात रेडा हंबरला.

रेडाच. खिडकीची तावदानं थरथरली. शेजारच्या वानखडे काकूंच्या गोठ्यातून म्हशीनं ताबडतोब उत्तर दिलं. पाठोपाठ काकू परातीतला कणकेचा हात तसाच घेऊन धावत आल्या. "मॅडम, तुमच्या घरात जनावर शिरलं काय वं?"

मॅडम हसत होत्या. इतकी वर्षं मी त्यांना ओळखत होतो, पण त्यांना दात आहेत हे मला त्या दिवशी कळलं.

ते बटण फिल्टरचं होतं. मला ते पुढं त्यांनीच समजावून दिलं. यंत्राच्या पोटात एक कच्चा आवाज सतत तयार असतो, कर्कश, करवतीच्या दातांसारखा. फिल्टर म्हणजे चाळणी. बटण डावीकडे असलं की चाळणीची भोकं बंद, आवाज आतच कोंडतो. जसजसं उजवीकडे न्यावं तसतसे वरचे बारीक, टोकदार आवाज बाहेर यायला लागतात. "भाच्यानं चाळणी बंद करून ठेवली होती, आन् तू डॉक्टर बनून मेल्याचं सर्टिफिकेट देऊन राह्यला होता," असं म्हणून त्यांनी माझी शिकवणी सुरू केली. कागदोपत्री मी शिकवायला जात होतो. खरं काय होतं ते चहाचे कप कोण धुई यावरून कळावं.

मोबाईलवर त्यांनी सिंथेसायझर शिकवणारे व्हिडिओही पाहिले. पण एकही पूर्ण पाहिला नाही. "हे पोट्टं स्वतःचंच आयकते," म्हणत. त्यापेक्षा त्यांना पुस्तकातले आलेख आवडत. त्यातल्या एका आलेखानं तर त्यांच्या हाती शस्त्रच दिलं.

त्या आलेखात आवाजाची चार वळणं होती. पट्टी दाबल्यावर आवाज किती लवकर चढतो, चढून किती खाली उतरतो, पट्टी दाबून धरली तर कुठं टिकतो, आणि सोडल्यावर किती वेळानं विरतो. चार बटणं. मी पाठ करायला लागलो तशी मॅडम म्हणाल्या, "पाठ काय करतं? हे तं रागाचं गणित आहे. आपले हेडमास्तर आठव. त्यायले राग यायले अर्धा तास लागे. पण एकदा आला की मंग दिवाळीच्या सुट्टीपर्यंत राहे." त्यांनी पहिलं बटण पुढं नेलं, शेवटचं टोकाला नेलं, पट्टी दाबून सोडली. आवाज कण्हत कण्हत वर आला आणि मॅडम उठून स्वयंपाकघरात जाऊन डाळीचं झाकण काढून परत आल्या तरी विरला नव्हता. हुबेहूब हेडमास्तर.

मग छंदच लागला. शाळेचा शिपाई: टपकन चढणारा, टपकन उतरणारा. त्यांची अकोल्याची बहीण: चढायला वेळ नाही, उतरायचं नावच नाही. वानखडे काकू: हलकासा थरथरता, मधेच थांबून पुन्हा सुरू होणारा. एकदा मी विचारलं, "मॅडम, तुमचा आवाज कसा बनवाचा?" त्यांनी पट्टी दाबली. काहीच आलं नाही. मी वाट पाहत राहिलो. "भेव वाटलं ना?" त्या म्हणाल्या. "मंग बरोबर बनला."

गावभर बातमी झाली की खोडरबर बाजा शिकते. तेव्हा कॉलनीच्या महिला भजनी मंडळाच्या अध्यक्ष या नात्यानं वानखडे काकू आमंत्रण घेऊन आल्या. पेटी वाजवणाऱ्या बाई सुनेच्या बाळंतपणाला गेल्या होत्या. "गाणं मले येत नाही," मॅडमनी स्पष्ट सांगितलं. "एक सूर धरून ठेवीन. तुम्ही त्याच्यावर काय तं म्हणा."

एकादशीला भजन झालं. मॅडमनी एक पट्टी दाबली, तिच्यावर आपलं चष्म्याचं घर ठेवलं की ती दबलेलीच राहील, आणि दोन्ही हात बटणांसाठी मोकळे केले. पहिली काही कडवी ठीक गेली. मग त्या फिल्टर उघडायला लागल्या. भजन पुढं सरकत होतं आणि तो सूर बारीक होत होत सुईसारखा झाला. बायकांच्या भुवया चढल्या. टाळ वाजवणारी एक गालावर हात धरून बसली, जणू दाढ ठणकते आहे. विठ्ठलाच्या तसबिरीसमोरचं निरांजनही घाबरलं असावं. मॅडम मात्र मान किंचित तिरकी करून, समाधानानं ऐकत होत्या. शेवटी आरती उरकून बायका ज्या लगबगीनं घरी गेल्या, तशा प्रसादाआधी कधी जात नसत.

"चांगलं झालं ना?" मॅडमनी विचारलं.

"झकास," मी म्हणालो. माझ्या कानात अजून शिट्टी वाजत होती. बाईंनी मुद्दाम भजनाचा सूड घेतला, असं मी समजलो, आणि मनातल्या मनात कौतुकही केलं.

ते मुद्दाम नव्हतं, हे कळलं ते त्यानंतरच्या रविवारी सकाळी. मी गेलो तेव्हा मॅडम भाच्यावर वैतागून बसल्या होत्या. "हे चाळणीचं बटण अर्धंच चालते बे. मधापर्यंत आवाज बदलते. त्याच्यापुढं कितीही फिरव, फरक नाही. खराब माल घेतला त्यानं."

त्यांनी पट्टी दाबली आणि बटण मधल्या खुणेच्या पुढं नेलं. मी कानावर हात ठेवले. ऑर्केस्ट्राच्या स्पीकरवर डोकं ठेवून झोपणारा माणूस मी, पण त्या आवाजानं माझे दात शिवशिवले.

"काय झालं?" मॅडमनी विचारलं.

"बंद करा ना, मॅडम."

"काय बंद करू? काही बदललंच नाही ना."

त्यांनी माझ्या कानांवरच्या हातांकडे पाहिलं, मग बटणाकडे. हळूहळू बटण मागं आणलं. माझे हात खाली आले. पुन्हा पुढं नेलं. माझे हात वर गेले. पट्टीवरचं बोट त्यांनी काढलं. मग खुर्ची फिरवून माझ्याकडे पाठ करून बसल्या.

"तू फिरव. आवाज बदलला तं मी हात वर करीन. नाही बदलला तं नाही करणार. खोटं नको करू. मले मागून कळत नाही, पण नंतर कळते."

मी पट्टी दाबून धरली आणि बटण फिरवत गेलो. सुरुवातीला त्यांचा हात लगेच वर यायचा. मधल्या खुणेपर्यंत येत राहिला. त्यापुढं मी टोकापर्यंत गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. स्पीकर किंचाळत होता, बाहेर कुत्रं भुंकायला लागलं होतं, आणि मॅडमचा हात मांडीवर तसाच पडला होता. पाठमोऱ्या बाईचा तो हात पाहत मी यंत्र बंद केलं.

"झालं?" त्यांनी विचारलं. "संपला पेपर?"

"हाव, मॅडम."

"नापास."

त्यांना मी अकोल्याला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेलो. तपासणी झाल्यावर डॉक्टरनं कागदावरचा आलेख समोर धरला तर मॅडम आजार विसरून त्याच्याशीच भांडायला लागल्या. "शून्य वरती काऊन आहे? ऐकण्याची कमी वाढते तं रेघ वर गेली पाह्यजे. खाली काऊन जाऊन राह्यली?" डॉक्टर बिचारा म्हणाला, सगळीकडे असंच काढतात. "मंग सगळीकडे चूक आहे," मॅडम म्हणाल्या. पण रेघ वर काढा की खाली, ती काय सांगत होती ते त्यांना कळलं होतं. वरचे बारीक आवाज गेले होते. आणि आजकालचे नाहीत, डॉक्टर म्हणाला. दहाएक वर्षं तरी हे हळूहळू चालू असावं. माणसाला स्वतःला पत्ता लागत नाही. मोठ्यानं बोलणाऱ्यांचं सगळं समजतं, हळू बोलणाऱ्यांचं निसटतं. बायकांचं, मुलींचं जास्त.

परतीच्या प्रवासात मॅडम तो आलेख मांडीवर पसरून बसल्या होत्या. निवृत्त होऊन त्यांना मोजकीच वर्षं झाली होती. दहातून ती वजा करायला त्यांना कागद लागणार नव्हता. गाव जवळ आलं तशा म्हणाल्या, "नऊ नंबर आता काय करते?"

मला कळेना. त्यांनी माझ्यानंतरच्या एका वर्गाचं साल सांगितलं. शीतल. बाजारात तिचं मॅचिंग सेंटर होतं, ब्लाऊज पीस आणि फॉलचं दुकान. दुसऱ्या दिवशी स्कूटरवरून मी त्यांना तिथं नेलं.

शीतल काउंटरमागं बसली होती. मॅडमना पाहून ताडकन उभी राहिली, हातातली कात्री खाली पडली.

"बस," मॅडम म्हणाल्या. "आज मी उभी राह्यते. दहावीत भूमितीच्या तासाले मी तुले दारापाशी उभं केलं होतं. आठवते?"

शीतल हसली. "एकडाव काय, मॅडम, लय डाव."

"तू उत्तर देत नव्हती म्हणून."

शीतल फॉलची घडी घालता घालता खालमानेनं काहीतरी म्हणाली.

"जरा मोठ्यानं बोल, बाई. मले आयकू येत नाही."

हे वाक्य त्या गावात त्यांच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. शीतलनं मान वर केली. तिनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग मॅडमकडे.

"मी देत होती, मॅडम," ती म्हणाली. "दर वेळी देत होती. तुम्ही म्हणा, तोंडात मिठाची गुळणी धरली काय? मंग मी देणंच सोडलं."

"बरोबर राहे काय उत्तर?"

"काही बरोबर राहे. काही चुके."

मॅडमनी काउंटरच्या काचेवर बोट टेकवलं. काचेखाली रंगीत रिळांच्या रांगा होत्या. त्या तिकडेच पाहत होत्या. "पाय दुखे काय?"

"हाव," शीतल म्हणाली. मग घाईघाईनं, "आता काय त्याचं, मॅडम! बसा ना, चहा सांगते."

"सांग," मॅडम म्हणाल्या. चहा येऊन पिऊन होईपर्यंत त्या उभ्याच राहिल्या. शीतल दुकानातलं काय काय सांगत होती, सासूचं, मुलीच्या शाळेचं, आणि मॅडम काउंटरवर वाकून, कान तिच्या तोंडाजवळ नेऊन ऐकत होत्या. काही कळलं नाही की "परत सांग" म्हणत. शीतलही परत सांगत होती.

कानाची यंत्रं आली. ती लावल्यावर पहिल्यांदा मॅडमनी फोडणी ऐकली आणि गॅस बंद करून बाहेर पळाल्या. पिशवीचा आवाज, पंख्याचा आवाज, स्वतःच्या साडीचा आवाज. सगळ्या गावानं आपल्याविरुद्ध कट केला आहे, अशी त्यांची तक्रार. मग त्यांनी सिंथेसायझर सुरू केला, भजनात वाजवला होता तोच सूर लावला, आणि एका क्षणात बंद करून माझ्याकडे वळल्या.

"हे असं वाजत होतं?"

"हाव."

"त्या बायका ते आयकत बसल्या होत्या?"

"हाव."

"आन् तू म्हणाला, झकास."

"मॅडम..."

"काऊन सांगितलं नाही बे?"

"तुम्ही होत्या ना."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे मले आयकू येत नव्हतं, आन् तुम्हाले बोलता येत नव्हतं. चांगलं आहे गाव."

त्या वर्षी त्यांनी सगळे आवाज मोडून पुन्हा पहिल्यापासून बनवले. हेडमास्तर, शिपाई, अकोल्याची बहीण, सगळे. आता चाळणी पुष्कळ बंद ठेवत. वानखडे काकूंकडे जाऊन त्यांनी माफी मागितली, म्हणजे त्यांच्या पद्धतीनं: "पुढच्या एकादशीले मी येते. कान दुखला तं टाळ फेकून मारजा." टाळ कुणी फेकला नाही. उलट तो मऊ, खोल सूर बायकांना इतका मानवला की पेटीवाल्या बाई बाळंतपण उरकून परत आल्या तेव्हा त्यांचीच पंचाईत झाली. मॅडमना गाणं मात्र शेवटपर्यंत आवडलं नाही. भजन चालू असताना त्या कानाची यंत्रं काढून पदरात ठेवत आणि हात स्पीकरच्या डब्यावर टेकवून बसत. "सूर हाताले समजते," म्हणत. "शब्द मले माहीत आहेत. चारदा आयकेल आहेत."

पुढं गुडघे गेले. भाचा परदेशातून पुण्याला परतला होता, तो न्यायला आला. मॅडम सहा महिन्यांसाठी म्हणून गेल्या आणि परत आल्या नाहीत. हिवाळ्यात भाच्याचा फोन आला. झोपेतच गेल्या म्हणाला.

मला त्या आठवतात त्या इथून निघतानाच्या. मलकापूरची गाडी लागली होती. तिथून पुण्याची रेल्वे. भाचा सामान चढवत होता. मॅडम खिडकीपाशी बसल्या होत्या, चादरीत बांधलेला सिंथेसायझर मांडीवर. कंडक्टर म्हणाला, "मावशी, ते वर ठेवा, लोकायले अडचण होते."

"तू वर बस," मॅडम म्हणाल्या.

ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. मी खिडकीखाली उभा. शाळेत त्यांच्यासमोर जीभ जशी टाळूला चिकटायची तशीच चिकटली होती. गाडी मागं हटायला लागली तेव्हा कसंबसं पुटपुटलो, "मॅडम, परत या."

"आं?"

"परत या म्हटलं."

"काय म्हणतं?" त्यांनी कानामागं हात धरला.

गाडी वळत होती. मी तिच्याबरोबर चालत, मग धावत, सगळ्या स्टँडला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडलो, "परत या, मॅडम! आमाले करमणार नाही!" शेंगदाणेवाला थांबला. चौकशीच्या खिडकीतल्या साहेबानं मान बाहेर काढली.

मॅडम खिडकीतून वाकल्या. "पहिल्याच डाव आयकू आलं होतं बे," त्या म्हणाल्या. "तुले मोठ्यानं म्हणता येते काय, ते पाहून राह्यली होती."

आणि त्यांनी काच ओढून घेतली.